आधी होडीची वाट, मग पर्यटन

मुंबईचा नवा सागरी किनारा मार्ग वरळीच्या टोकाला वांद्रे सागरी सेतूला मिळतो. त्या जोडणीवर भल्या मोठ्या लोखंडी कमानी दिसतात. गाडी तिथं आली की आतली माणसं मोबाइल काढतात. कमानी देखण्या आहेत, यात वाद नाही. पण त्या शोभेसाठी उभारलेल्या नाहीत. त्यांच्या खालून वरळी कोळीवाड्यातल्या होड्या समुद्रात जातात. त्या होड्यांना जायला पुरेशी जागा राहावी म्हणून मधला एक खांब गाळावा लागला, आणि खांब गाळला म्हणून तेवढं अंतर एका झेपेत ओलांडणारी कमान आली. ही जागा कोळ्यांनी भांडून मिळवली आहे.

साताऱ्याहून, कराडहून, सांगलीहून मुंबई बघायला जाणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याला सेतू दाखवतात, गेटवे दाखवतात, राणीची बाग दाखवतात. अलीकडं त्यात कोळीवाड्याची भर पडली आहे. रंगवलेल्या भिंती, कोपऱ्यावरचा किल्ला, ताजी मासळी, पारंपरिक वेशातल्या बायकांसोबत फोटो. सरकारी भाषणांतही कोळीवाडा म्हटलं की सुशोभीकरण आणि पर्यटन हे शब्द मागोमाग येतात. माझं म्हणणं सरळ आहे. कोळीवाड्यात जरूर जावं, घाटावरच्या माणसानं तर मुद्दाम जावं. पण कोळीवाडा ही कामाची जागा आहे. तिथल्या होड्यांची समुद्रातली वाट, बंदर, जाळी विणायची आणि मासळी वाळवायची जागा, बाजाराचा ओटा, या सगळ्याची तिथल्या लोकांच्या नावानं नोंद होत नाही, तोवर सुशोभीकरणाला हात घालू नये. क्रम उलटा झाला तर दहा-वीस वर्षांनी तिथं बघण्यासारखं काही उरणार नाही, आणि जे उरेल त्याला कोळीवाडा म्हणता येणार नाही.

साताऱ्याच्या माणसानं मुंबईच्या किनाऱ्याबद्दल कशाला बोलायचं, असं कुणी विचारेल. तर वरळी आपल्याला परकी नाही. ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात वरळीला बीडीडीच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, १२१ चाळी बांधल्या. त्या चाळींत आणि आसपासच्या गिरणगावात सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीची माणसं दाटीवाटीनं राहिली. पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांत असं घर शोधावं लागेल, ज्यातलं एक तरी माणूस मुंबईला कामाला नव्हतं. गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी, पाळीनं झोपायचे, खानावळीत जेवायचे, महिन्याला मनिऑर्डर पाठवायचे. माझ्या घरातलीही माणसं त्यांत होती. रविवारी ही माणसं मासळी घ्यायला जायची ती कोळणींकडंच. मटण परवडत नव्हतं, तेव्हा वाट्यावर मिळणारी मांदेली आणि बोंबील परवडत होते. गिरणी कामगाराचं आणि कोळणीचं नातं उधारीचं होतं, भांडणाचं होतं आणि ओळखीचंही होतं.

पुढं गिरणगावाचं काय झालं, हे आपण जवळून पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. माणसं गावाकडं परतली, कुणी पुन्हा गेलीच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले. काही ठिकाणी जुन्या गिरणीची चिमणी तेवढी राखली आहे. तिच्यावर दिवे सोडतात, तिच्या पायथ्याशी लोक कॉफी पितात. इमारतीचा एक तुकडा वारसा म्हणून जपला आणि ज्यांनी तो वारसा घामानं उभा केला त्यांना शहराबाहेर काढलं. कोळीवाड्याच्या तोंडावर एखादी रंगवलेली होडी चौथऱ्यावर मांडलेली दिसली की मला ती चिमणी आठवते. गिरणीच्या बाबतीत झालं ते झालं. कोळीवाड्याच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. होड्या अजून पाण्यात आहेत.

वरळी कोळीवाडा म्हणजे मुंबईच्या मूळच्या सात बेटांपैकी एका बेटाचं उत्तर टोक. टोकावर इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला छोटा किल्ला, जवळच टेकाडावर गोल्फादेवीचं देऊळ. अठराव्या शतकात बांध घालून वरळी आणि महालक्ष्मीमधली खाडी बुजवली, तेव्हा हे बेट मुंबईला चिकटलं. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळालं ती कोळ्यांची देवी. इतिहास एवढा पुरे. कारण तिथं गेल्यावर इतिहासापेक्षा आजचं काम जास्त बघण्यासारखं आहे, आणि पाहुणा नेमका तेच न बघता परततो.

क्लीव्हलँड बंदरावर सकाळी उभं राहिलं की आधी वास येतो. मग डिझेलच्या इंजिनाचा फटफट आवाज. होड्या लहान असतात, दोन-तीन माणसांच्या. ट्रॉलरची मासेमारी ही नव्हे. किनाऱ्याजवळ, खडकाच्या आसऱ्यानं, भरती-ओहोटीचा अंदाज घेत केलेली ही मासेमारी. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, एक जाळं, भांगाला, म्हणजे लहान भरतीला, दुसरं. कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, नशीब असेल तर शेवंड. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर बायका कालवं काढतात. एका हातात लोखंडी टोकदार हत्यार, दुसऱ्या हातात डबा, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. कालवाचं शिंपलं खडकाला असं घट्ट चिकटलेलं असतं की नेमक्या जागी टोचा बसला तरच उघडतं. आतला गर सुपारीएवढा. असा गर वेचून वेचून डबा भरायला सगळी ओहोटी लागते. या कामाला होडी लागत नाही, भांडवल लागत नाही, फक्त खडक लागतो. सागरी किनारा मार्गासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टरांचा भराव पडला. भराव खडकावरच पडतो. नकाशावर तिथं काहीच नव्हतं. त्या बाईचा व्यवसाय कुठल्याच कागदावर नव्हता, म्हणून तो गेल्याची नोंदही कागदावर झाली नाही.

आता त्या खांबांची गोष्ट नीट सांगतो. सगळा प्रश्न तिच्यातच आहे.

जोडणीच्या पुलाचे खांब बंदराच्या तोंडाशी येणार होते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. कागदावर ६० मीटर म्हणजे भरपूर वाटतं, होडी तर तीन-चार मीटर रुंद. पण पाण्यावर होडी रस्त्यावरच्या गाडीसारखी सरळ रेषेत चालत नाही. वारा तिला आडवी ढकलतो, प्रवाह ओढतो. खांबावर आपटून लाटा उलट फिरतात आणि दोन खांबांच्या मध्ये पाणी खवळलेलं राहतं. पावसाळ्याच्या तोंडाला, रात्री, मासळीनं भरलेली होडी घेऊन येताना ऐन वेळी इंजिन बंद पडलं तर ती खांबावरच जाणार. कोळी सांगत होते ते हेच, आणि ते वरळीत सागरी सेतू बांधल्यापासूनच्या अनुभवावरून सांगत होते. सेतू २००९ मध्ये सुरू झाला. त्यांची मागणी २०० मीटरची होती. तज्ज्ञांचे अहवाल ६० मीटर पुरेसे आहेत असं सांगत राहिले. शेवटी कोळ्यांनी होड्या आडव्या घालून समुद्रातलं काम रोखलं. डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी अंतर १२० मीटर करायचं जाहीर केलं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या दरे गावचे. मधला खांब रद्द झाला, दोन-अडीच हजार टनांच्या कमानी बार्जवरून आणून २०२४ मध्ये बसवल्या.

त्याआधी हे भांडण न्यायालयातही गेलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०१९ मध्ये प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामासाठी लागणारी पर्यावरण खात्याची परवानगी, रद्द केली आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झालं. दाद मागणाऱ्यांमध्ये वरळीच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थाही होत्या.

या साऱ्यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, रस्ता आणि होडी एकत्र नांदू शकतात. १२० मीटरवर रस्ता अडला नाही, मुंबई थांबली नाही. म्हणजे शहराची गरज मोठी की कोळ्याची, हा प्रश्नच चुकीचा होता. योग्य आराखडा आधी केला असता तर दोन्ही गरजा भागल्या असत्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या वाटेसाठी माणसांना होड्या आडव्या घालाव्या लागल्या, कारण त्या वाटेची कुठंच नोंद नव्हती.

इथं साताऱ्याच्या शेतकऱ्याला काही समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडं शेताच्या रस्त्याची भांडणं घरोघरी आहेत. भावकीत बोलणं बंद होतं ते बहुतेक वेळा बांधावरून किंवा रस्त्यावरून. पण आपल्याला निदान एक आधार आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. शेतात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली लगतच्या बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा होतो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब होतात, औत-गाडी पूर्वीपासून इथून जात होती का हे बघितलं जातं. केस वर्षानुवर्षं चालते, निकालानंतरही कुणी जेसीबी लावून चर खणतो, हे सगळं खरं. तरीही अडवलेली वाट मोकळी करून मागायचा हक्क कायद्यानं मान्य केला आहे. समुद्रात जाणाऱ्या कोळ्याला असा अर्ज घेऊन जायला दारच नाही. त्याची वाट रोज पाण्यानं पुसली जाते. तिच्यावर चाकोरी उमटत नाही, म्हणून ती नाहीच, असं समजून आराखडे होतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारनं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय चांगला आहे. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती मच्छीमाराला मिळायला त्यामुळं वाट झाली. पण मग दर्जा पुरता द्यावा. शेतकऱ्याचा रस्त्याचा हक्क मान्य करता, तर मच्छीमाराच्या रस्त्याचाही करा. बंदरापासून खोल पाण्यापर्यंतची वाट नकाशावर काढा, तिची रुंदी तिथल्या नाखवांना, म्हणजे होडीमालकांना, आणि होडी चालवणाऱ्या तांडेलांना विचारून ठरवा, आणि पुढं कुठलाही पूल, जेट्टी किंवा भराव यायचा असेल तर आधी ती वाट बघायची, असं बंधन घाला. हे अवघड नाही. कोळ्यांना आपल्या वाटा तोंडपाठ असतात, आणि आता बऱ्याच होड्यांवर जीपीएस आहे.

जमिनीवरच्या जागांचंही तेच. सीआरझेडच्या २०११ च्या अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करावेत, असं स्पष्ट म्हटलेलं होतं. त्यानंतर सीमांकनाचं घोडं कधी पुढं सरकलं, कधी अडलं. वाद पडतो तो घरांवरून कमी आणि मोकळ्या जागांवरून जास्त. घर दिसतं, त्याला भिंत असते. होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी पसरायची जागा, मासळी वाळवायची जागा वर्षातले काही महिने रिकामीच दिसते. सरकारी माणूस पावसाळ्यात आला तर त्याला तिथं गवत दिसणार. कागदावर ती मोकळी जागा होते, आणि मुंबईत मोकळ्या जागेवर कुणाची ना कुणाची नजर असतेच. काही कोळीवाडे तर झोपडपट्टी ठरवून पुनर्वसन योजनेत ढकलायचे प्रयत्न झाले. ज्यांची गावं शहराच्या आधीची, त्यांना अतिक्रमण करून बसलेल्यांच्या रांगेत उभं केलं. लोकांनी विरोध केला तो साहजिकच होता.

वाळवायच्या जागेचा आपल्याशी थेट संबंध आहे. मढ, वर्सोवा, उत्तन या भागांत डोल जाळ्यांत, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत, बोंबील मिळतात. वाळवताना बोंबलाची जोडी करतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळं एकदा अडकवलेली जोडी वाऱ्यानं सुटत नाही. बायका हे काम इतक्या झपाट्यानं करतात की बघणाऱ्याची नजर मागं पडते. ऊन आणि खारा वारा मिळाला की चार-पाच दिवसांत कडक बोंबील तयार. हाच बोंबील आपल्या आठवडी बाजारात येतो. कोरेगावात, विट्यात, म्हसवडला, पावसाळ्याच्या तोंडावर सुकट-बोंबलाच्या ढिगाऱ्याभोवती गर्दी असते. भाजी महाग झाली की कोरड्या भाकरीला तव्यावर भाजलेला बोंबील आणि ठेचा, यावर कितीतरी घरांनी आषाढ काढले आहेत. दुष्काळी भागातल्या माणसाच्या ताटात समुद्र पोचला तो असा वाळून पोचला. ती वाळवायची जागा पार्किंगला गेली, तर त्याची झळ माण-खटावच्या बाजारापर्यंत येते.

पर्यटन आलं तर या लोकांना पैसा मिळेल, त्याला विरोध कशाला, असं विचारणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मासळी कमी झाली आहे. थवाच्या थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं किनाऱ्यालगतच्या लहान मच्छीमाराचं कंबरडं मोडलं आहे. सांडपाण्यानं किनारा नासला आहे. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, पण होडीत तो मोठा मिळणं दुर्मीळ झालं. शिकलेली पोरं नोकरी शोधतात, आणि त्यांनी का शोधू नये? कोळ्याच्या पोरानं कोळीच राहिलं पाहिजे, असं सांगायचा अधिकार मला नाही. शेतकऱ्याच्या पोरानं शेतीच करावी, असं मुंबईच्या माणसानं मला सांगितलेलं मला चालणार नाही.

पण व्यवसाय सोडायचा की धरायचा हे त्यांनी ठरवायचं. जागा काढून घेतली की ठरवायला काही उरत नाही. माहीम कोळीवाड्यात २०२३ मध्ये बचत गटांच्या बायकांनी सी फूड प्लाझा चालवायला घेतला. समुद्रकिनारी टेबलं मांडून त्या स्वतःच्या हातचं रांधून वाढतात. हे मला पटतं. धंदा बायकांच्या हातात आहे, पैसा त्यांच्याच घरात जातो. कसोटी एकच लावावी. ताटातली मासळी गावच्या होडीतून येते का? येत असेल तर पर्यटनानं मासेमारीला हात दिला. उद्या तीच मासळी ट्रकनं बाहेरून येऊ लागली आणि होड्या नुसत्या फोटोपुरत्या राहिल्या, तर पर्यटनानं मासेमारीची जागा घेतली असं समजावं, मग धंदा कितीही चालो. कारण हॉटेल कुठंही काढता येतं. पुढं कोळणीपेक्षा जास्त भाडं देणारा कुणीतरी येतोच, आणि मग कोळीण तिथं वाढपी म्हणून राहते.

बघायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली गोष्ट बघायची वस्तूच कशी मारते, हे आपण साताऱ्यात शिकलो आहोत. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी लोटली. फुलं तुडवली जाऊ लागली म्हणून पठाराला कुंपण घातलं. हेतू चांगलाच होता. पण कुंपणानं माणसांबरोबर गुरंही अडवली आणि रानातली जनावरंही. चराई थांबली, गवत माजलं, आणि फुलं कमी झाल्याची ओरड अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी केली. शेवटी कुंपण काढावं लागलं. पठारावरची ती इवली फुलं उंच गवतात तग धरत नाहीत. कासच्या आसपासच्या गावांची गुरं पूर्वीपासून तिथं चरत होती, तोही त्या फुलांच्या गणिताचा भाग होता. गुराख्याला बाहेर काढून निसर्ग राखायला निघालो, तर निसर्गच रुसला.

कासला दुसरीही एक गोष्ट घडली, ती कोळीवाड्यांनी उचलण्यासारखी आहे. तिथली व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्यांकडं आहे. प्रवेश शुल्क गावकरी घेतात, वाटाडे गावचे, पार्किंगवर माणसं गावची, रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा. सगळं आलबेल आहे असं नाही. सप्टेंबरातल्या रविवारी कासच्या रस्त्यावर अडकलेल्या कुणालाही विचारा. पण कुणाला किती आत सोडायचं हे ठरवताना गावाला विचारावं लागतं. वरळीत, वर्सोव्यात, माहीमला हा अधिकार मच्छीमार सोसायट्यांना आणि कोळीवाड्याच्या जमातीला, म्हणजे तिथल्या गावकीला, का नसावा? फोटो काढायला, चित्रीकरणाला, टोळीनं येणाऱ्या सहलींना शुल्क लावायचं की नाही, मासळी उतरवायच्या वेळी बंदरावर बाहेरच्यांना बंदी घालायची की नाही, हे त्यांनी ठरवावं. महापालिकेनं भिंती रंगवण्यापेक्षा बर्फाची सोय करावी, बाजाराला छप्पर द्यावं, बायकांना बसायच्या जागी स्वच्छतागृह द्यावं. दिवसभर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या दृष्टीनं भिंतीवरच्या चित्रापेक्षा स्वच्छतागृहाची किंमत किती जास्त आहे, हे कुणीही तिला विचारून बघावं.

मुंबईला हे शहाणपण सांगताना आपल्या नद्यांकडं पाठ फिरवून चालणार नाही. कृष्णेच्या काठी वाई, कराड, सांगलीला भोई समाज पिढ्यान् पिढ्या मासे धरत आला. होडीनं माणसं पैलतीरी नेत आला. पूल झाले, होडी गेली. वाळूचा उपसा झाला, माशांचे डोह गेले. उन्हाळ्याच्या तोंडावर मळीमिश्रित पाणी सुटतं आणि सांगलीच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच दिसतो. दोन दिवस बातम्या येतात, पाण्याचे नमुने घेतले जातात. भोयाचं किती नुकसान झालं, हा आकडा त्या बातमीत मी कधी वाचला नाही. महापुरात मात्र आपल्याला त्याची होडी आणि त्याचं पात्राचं ज्ञान हवं असतं. २०१९ च्या पुरात सांगलीनं त्याचा अनुभव घेतला. तिकडं कोयनेच्या काठावर बामणोलीहून वासोट्याला बोटीनं जाणाऱ्यांना बोट बुडालेल्या शिवारांवरून चालली आहे, हे बोटवाला सांगेल तेवढंच कळतं. पाण्यावर जगणाऱ्याचा हक्क कागदावर नसतो, हे दुखणं वरळीपुरतं नाही. ते आपल्या दाराशीही आहे, म्हणून तर त्यावर बोलायचा आपल्याला अधिकार आहे.

मग जायचं कसं? जून-जुलैत यंत्रहोड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा बंदरावर गेलात तर शाकारलेल्या होड्या आणि जाळी दुरुस्त करणारी माणसं दिसतील, मासळी कमी. नारळी पुनवेनंतर हंगाम लागतो. सकाळी लवकर जावं. बंदरावर वाटेत उभं राहू नये, ओल्या जमिनीवरून पाटी घेऊन धावणाऱ्या माणसाला आपण अडथळा असतो. घरांच्या ओट्यावर बसलेल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आपल्या गावात कुणी परका येऊन आपल्या आईचा असा फोटो काढू लागला तर आपण काय म्हणू, एवढं आठवलं तरी पुरे. आणि मासळी विकत घ्यावी. “मावशी, वाटा कसा लावला?” इथपासून सुरुवात करावी. घासाघीस करावी, तीही बाजाराची रीतच आहे, पण मॉलमध्ये लेबलावरची किंमत मुकाट्यानं देणाऱ्यानं कोळणीशी दहा रुपयांवरून हुज्जत घालू नये. मावशी वेळ असेल तर मासा ताजा कसा ओळखायचा ते दाखवते, कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते. तेवढं शिकून आलं तरी फेरी सार्थकी लागली.

शाळांच्या सहलींत हे यावं, असं मला फार वाटतं. आपल्या शाळा एसटी ठरवून प्रतापगड, रायगड, गणपतीपुळे करतात, मुंबईला गेल्या तर तीच चार ठिकाणं. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव किंवा एखाद्या कोळीवाड्यातली सकाळ मुलांना दाखवावी. सोसायटीला आधी कळवून, त्यांच्या सोयीच्या वेळी, पन्नासाच्या जागी पंचवीस मुलं नेऊन. तिथला एखादा तांडेल मुलांना भरती-ओहोटीचं कोष्टक बोटांवर मोजून दाखवेल. भूगोलाच्या पुस्तकातला धडा आणि त्या माणसाचं ज्ञान, दोन्हीची गाठ मुलांच्या डोक्यात पडेल. त्या तांडेलाला मानधन द्यावं, आपण व्याख्यात्याला देतो तसं.

आणि एक गोष्ट आपल्या आमदारांनी करण्यासारखी आहे. विधिमंडळात किनाऱ्याचा विषय निघाला की तो कोकणच्या आणि मुंबईच्या सदस्यांचा मानला जातो, घाटावरचे सदस्य तेवढा वेळ बाहेर चहाला जातात. पण रस्त्याच्या केसेस, पाणंदी, अडवलेली वहिवाट यांचा अनुभव सर्वात जास्त यांनाच आहे. आठवड्यातून दोनदा कुणीतरी त्यांच्या दारात रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन येतंच. मच्छीमारांच्या समुद्रातल्या ये-जा वाटांची आणि कोळीवाड्याच्या सामाईक जागांची अधिकृत नोंद करायची, ती अडवली गेल्यास ठरावीक मुदतीत निकाल देणारा अधिकारी नेमायचा आणि तोवर त्या जागांवर पर्यटनाचं वा सुशोभीकरणाचं एकही काम मंजूर करायचं नाही, अशी मागणी सातारा-सांगलीच्या बाकांवरून यावी.